कॉलनीच्या काँक्रीट रस्त्याची न फोडता तपासणी : हॅमरच्या अहवालावर किती विसंबावे?

जुळे सोलापुरातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेने सभासदांकडून वर्गणी काढून २४० मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद असा अंतर्गत काँक्रीट रस्ता करून घेतला. करारात एम ३० दर्जाचे (म्हणजे ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे) काँक्रीट, १५० मिलिमीटर जाडी आणि व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेण्याची पद्धत, जिला आपल्याकडे सर्रास ट्रिमिक्स म्हणतात, असे नमूद आहे. काम मार्चअखेरीस झाले. दोन पट्ट्यांत ओतले आणि दर पाच मीटरला तिसऱ्या दिवशी कटिंग मारले, म्हणजे सांध्यासाठी कटरने आडवी खाच पाडली. दिवाळीपर्यंत बऱ्याच पॅनेलांत, म्हणजे दोन कटिंगांमधल्या तुकड्यांत, मधोमध आडवे तडे गेले, वरून पांढरी धूळ सुटू लागली आणि काही कोपऱ्यांवर पाय आपटला तरी पोकळ आवाज येतो. अंतिम बिल थांबवल्यावर ठेकेदाराने रिबाउंड हॅमरचा अहवाल आणून दिला. त्यात सरासरी ताकद ३४.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाखवली आहे, म्हणजे काँक्रीट ‘पास’. सचिवांना विचारायचे आहे की हा अहवाल मान्य करावा का, आणि रस्ता न फोडता ताकद व जाडी खात्रीने सांगणारी दुसरी कोणती एनडीटी (विनाविध्वंसक) चाचणी आहे.

माझे बरेचसे आयुष्य काँक्रीट तपासण्यात गेले आहे, म्हणून आधी प्रश्नाचीच फोड करतो. ‘कोणती मशीन आणावी’ हा आपला खरा प्रश्न नाही. आपल्याला चार निरनिराळ्या गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत : काँक्रीटची ताकद करारानुसार आहे का, जाडी पूर्ण टाकली आहे का, स्लॅबच्या खालचा थर त्याला टेकून आहे का, आणि तडे कशामुळे गेले. या चारही प्रश्नांची उत्तरे एकच उपकरण देऊ शकत नाही. ठेकेदाराने त्यांपैकी फक्त पहिल्या प्रश्नाचे, तेही अर्धे, उत्तर दिले आहे आणि बाकीच्या तिघांवर त्याच अहवालाचे पांघरूण घातले आहे. त्याने हे मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही; हॅमर हाताशी असतो, भाडे कमी पडते आणि अहवाल दुसऱ्या दिवशी मिळतो, एवढे कारणही पुरेसे असते.

हॅमरपासून सुरुवात करू. स्वित्झर्लंडचे अभियंते अर्न्स्ट श्मिट यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेले हे उपकरण ताकद मोजतच नाही. स्प्रिंगने सोडलेले वजन काँक्रीटवर आपटून किती उसळते, तेवढेच ते मोजते. ही उसळी वरच्या सुमारे ३० मिलिमीटर थराच्या कठीणपणावर अवलंबून असते, आणि कठीणपणावरून ताकदीचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज किती पक्का धरावा याविषयी आपल्या भारतीय मानकानेच सावध केले आहे. आयएस १३३११ च्या १९९२ च्या दुसऱ्या भागात, जो आता आयएस ५१६ च्या पाचव्या भागात सामावला गेला आहे, प्रत्यक्ष बांधकामातील ताकदीच्या अंदाजाची अचूकता उणे-अधिक २५ टक्के दिली आहे. म्हणजे आपल्या अहवालातील ३४.६ चा प्रामाणिक अर्थ ‘साधारण २६ ते ४३ च्या दरम्यान कुठेतरी’ असा होतो. दशांश चिन्हानंतरचा तो सहा मला अशा अहवालांत नेहमीच गमतीचा वाटतो.

त्यातही आपल्या रस्त्याच्या बाबतीत दोन अडचणी जास्तीच्या आहेत. पहिली अशी की व्हॅक्यूमने पाणी ओढले असेल आणि वर पॉवर ट्रोवेल (घोटाई करणारे यंत्र) फिरवला असेल, तर वरचा थर खालच्यापेक्षा घट्ट होतो. अशा ठिकाणी हॅमर वरच्या थराची स्तुती करतो आणि खालच्या शंभर मिलिमीटरविषयी मौन पाळतो. दुसरी अडचण नेमकी उलट दिशेची आहे. धूळ सुटणारा पृष्ठभाग हा पाणी जास्त झाल्याचा, वर पाणी शिंपडून घोटल्याचा किंवा पाणी मारण्यात कुचराई झाल्याचा परिणाम असतो, आणि त्यावर हॅमर मारला तर आकडा पडतो; मात्र आतले काँक्रीट ठीकही असू शकते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातील सोलापूरचे ऊन आणि दुपारचे कोरडे वारे लक्षात घेतले, तर वरचा थर भाजून निघणे अगदी शक्य आहे. या दोन परिणामांपैकी आपल्या रस्त्यावर कोणता वरचढ आहे, हे हॅमर स्वतः सांगू शकत नाही.

तरीही अहवाल फेकून देऊ नका; तो कसा केला ते तपासा. कार्बोरंडमच्या दगडाने जागा घासून धूळ आणि ब्रशच्या रेघा काढल्या होत्या का? पृष्ठभाग कोरडा होता का? ओल्या काँक्रीटवर उसळी कमी येते आणि ताकद वीस टक्क्यांपर्यंत कमी दिसू शकते. हॅमर उभा, खाली तोंड करून धरला होता हे उघड आहे, कारण रस्त्यावर दुसरा मार्गच नाही. मग आलेख खालच्या दिशेचाच वापरला का? खाली मारताना वजन गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर उसळते, त्यामुळे त्याच काँक्रीटवर आकडा भिंतीवर आडवे मारण्यापेक्षा कमी येतो, आणि आडव्या दिशेचा आलेख लावला तर ठेकेदारावरच अन्याय होतो. चाचणीआधी हॅमर पोलादी ऐरणीवर तपासला होता का, आणि त्याची नोंद अहवालात आहे का? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उसळीवरून ताकद काढणारा आलेख कोणाचा? हॅमरच्या अंगावर चिकटवलेला आलेख उत्पादकाने त्याच्याकडच्या क्यूबांवर, म्हणजे चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, बनवलेला असतो. आपल्याकडे खडी काळ्या बसाल्टची, वाळूऐवजी बहुधा क्रशरचा कच, आणि सिमेंट कधी फ्लाय ॲश मिसळलेले. याच मिश्रणाच्या क्यूबांवर हॅमर मारून, मग ते क्यूब फोडून आलेख बनवला असेल तरच आकड्याला वजन येते. अशी तसदी कॉलनीच्या कामात कोणी घेतल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

हॅमरचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. आपल्या रस्त्यावर दोन पट्ट्यांत मिळून ९६ पॅनेल होतात. प्रत्येक पॅनेलवर एकाच पद्धतीने, एकाच दिवशी, एकाच माणसाने हॅमर मारला आणि प्रत्येक जागेच्या वाचनांची सरासरी नकाशावर लिहिली, तर ताकद नव्हे, पण समानता लगेच दिसते. बहुतेक पॅनेल ३६ ते ४० च्या घरात आणि सलग सात-आठ पॅनेल २७-२८ वर असतील, तर त्या पॅनेलांचे काँक्रीट कोणत्या गाडीतून आले, त्या दिवशी काय घडले, हा प्रश्न विचारता येतो. ठेकेदाराच्या अहवालात किती जागा आहेत आणि त्या कोणी निवडल्या, हे बघा. मोजक्याच जागा घेतल्या असतील आणि त्या सगळ्या न तडकलेल्या पॅनेलांवरच्या असतील, तर सरासरीला काही अर्थ उरत नाही.

यानंतर यूपीव्ही, म्हणजे ध्वनिलहरींचा वेग मोजण्याची चाचणी. जुन्या आयएस १३३११ मध्ये सेकंदाला साडेचार किलोमीटरपेक्षा अधिक वेग म्हणजे उत्कृष्ट, साडेतीन ते साडेचार चांगले, तीन ते साडेतीन मध्यम आणि त्याखाली शंकास्पद, असा तक्ता होता. २०१८ पासून आयएस ५१६ च्या पाचव्या भागाने ती जागा घेतली आणि तक्ताही बदलला, त्यामुळे अहवालात कोणते मानक लावले ते वाचून घ्या. खांबात एका बाजूने लहर सोडून दुसऱ्या बाजूने पकडता येते. रस्त्याला मात्र आपल्यासाठी वरचीच बाजू उपलब्ध असते, म्हणून दोन्ही प्रोब एकाच पृष्ठभागावर ठेवावे लागतात आणि या अप्रत्यक्ष पद्धतीत वेग ५ ते २० टक्के कमी दिसतो. हे न सांगता थेट पद्धतीचा तक्ता लावून ‘काँक्रीट शंकास्पद’ असा निष्कर्ष काढलेले अहवालही फिरत असतात. त्यांच्या आधारे ठेकेदाराशी भांडायला गेलात तर त्याचा माणूस पहिल्याच मिनिटाला आपल्याला गप्प करील.

योग्य रीत अशी. एक प्रोब ग्रीस लावून एका जागी घट्ट ठेवायचा, दुसरा १५०, ३००, ४५० आणि ६०० मिलिमीटर अंतरावर क्रमाने सरकवत न्यायचा आणि प्रत्येक वेळचा काळ टिपायचा. अंतर व काळ यांचा आलेख काढला की त्याच्या उतारावरून वेग मिळतो. या आलेखाची रेघ सरळ आली तर काँक्रीट वरपासून खालपर्यंत बरेचसे सारखे आहे असे समजावे. रेघ सुरुवातीला एका उताराने जाऊन पुढे मोडली आणि लांबच्या अंतरावर वेग वाढला, तर वरचा थर कमकुवत आणि आतले काँक्रीट बरे, असा अर्थ निघतो. धुळीच्या बाबतीत आपल्याला नेमके हेच जाणून घ्यायचे आहे, म्हणून या रस्त्यावर यूपीव्हीचा हा उपयोग मला हॅमरपेक्षा मोलाचा वाटतो. प्रत्येक पॅनेलवर ती करण्याची गरज नाही. हॅमरच्या नकाशातील चांगल्या, मध्यम आणि वाईट अशा काही पॅनेलांवर पुरे.

याच उपकरणाने तड्याची खोलीही काढता येते. तड्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर, समजा दीडशे-दीडशे मिलिमीटरवर, प्रोब ठेवायचे. शेजारच्या अखंड भागावर तेवढ्याच ३०० मिलिमीटर अंतराला ७५ मायक्रोसेकंद लागत असतील आणि तड्यावरून ९० लागत असतील, तर लहर तड्याच्या तळाला वळसा घालून आली आहे, आणि हिशेबाने तडा साधारण १०० मिलिमीटर खोल निघतो. पण तड्यात ओल किंवा पावसाळ्यातली माती दाबून बसली असेल, तर लहर तिच्यातूनच पलीकडे जाते आणि आरपार तडाही उथळ भासतो. आपल्या पॅनेलांतले मधोमध आडवे तडे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले असतील, तर ते आरपार आहेत असे धरून चाला. त्यावर यूपीव्हीचा खर्च करू नका.

कारण या तड्यांचा उलगडा आपण दिलेल्या माहितीतच बराचसा झाला आहे. १५० मिलिमीटर जाडीच्या साध्या, बिनसळईच्या स्लॅबला पाच मीटरचे पॅनेल लांब पडते. पॅनेलची लांबी जाडीच्या साधारण चोवीसपटीच्या आत ठेवावी, असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने साडेतीन मीटरच्या आसपास कटिंग हवे होते. शिवाय पट्टीची रुंदी पावणेतीन मीटर, म्हणजे लांबी रुंदीच्या जवळजवळ १.८ पट झाली. पॅनेल जितके चौकोनाच्या जवळ तितके बरे असते. त्यात कटिंग तिसऱ्या दिवशी. मार्चच्या उन्हात काँक्रीट कटर सहन करण्याइतके घट्ट झाले की काही तासांतच, आणि काहीही झाले तरी पहिल्या चोवीस तासांच्या आत, जाडीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश खोल कट मारावा लागतो. आपण मारला नाही तर काँक्रीट आपला सांधा आपणच पाडते, आणि तो त्याला सोयीच्या जागी, बहुधा पॅनेलच्या मध्यावर पडतो. एखाद्या सांध्यात मोजपट्टी घालून कटची खोली मोजा. ४० मिलिमीटरपेक्षा बरीच कमी निघाली, तर आणखी एक कारण हाती लागले. तात्पर्य, एम ३० ऐवजी एम ४० काँक्रीट टाकले असते तरी हे तडे बहुधा गेलेच असते. म्हणूनच ‘ताकद पास आहे’ हे ठेकेदाराचे उत्तर खरे असले, तरी ते तड्यांचे उत्तर नाही.

मात्र सगळे तडे एका माळेत ओवू नका. पॅनेलमध्ये मध्येच सुरू होऊन मध्येच संपणाऱ्या, एकमेकींना समांतर, तिरप्या बारीक भेगा ओतल्याच्या दिवशीच वाऱ्याने पडलेल्या असतात आणि त्या बहुधा उथळ असतात. कडेला समांतर, रस्त्याच्या लांबीच्या दिशेने गेलेला तडा मात्र मला जास्त काळजीचा वाटतो, कारण तो खालच्या जमिनीकडे बोट दाखवतो.

आता जाडी. जाडीविषयी हॅमर आणि यूपीव्ही दोन्ही निरुपयोगी आहेत. खरे उपकरण इम्पॅक्ट इको, जे १९८० च्या दशकात अमेरिकेत मेरी सॅन्सलोन आणि निकोलस कॅरिनो यांनी विकसित केले. पोलादी गोळीने पृष्ठभागावर टिचकी मारली की लहर तळापर्यंत जाऊन परत येते आणि तिच्या येरझाऱ्यांच्या वारंवारतेवरून जाडी निघते. काँक्रीटमधील लहरीचा वेग सेकंदाला ४,००० मीटर धरला तर १५० मिलिमीटर जाडीला सुमारे १२,८०० हर्ट्झ आणि १२५ मिलिमीटरला सुमारे १५,४०० हर्ट्झ येतात, म्हणजे फरक स्पष्ट ओळखू येतो. अट अशी की स्लॅबचा तळ वेगळा असायला हवा. खाली मुरूम किंवा खडीचा थर असेल, मध्ये पॉलिथिन अंथरले असेल, तर लहर नीट परतते. खाली पीसीसी (साध्या काँक्रीटचा पायाथर) असेल आणि स्लॅब तिला चिकटून बसला असेल, तर लहर दोन्ही थरांतून जाते आणि जाडी फुगून दिसते. आपल्या करारात पीसीसी आहे की नाही, यावर या चाचणीचा उपयोग ठरेल.

ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, म्हणजे जीपीआर, रस्त्यावरून ढकलत नेता येते आणि सलग चित्र देते, हा त्याचा मोठा गुण. महामार्गाच्या काँक्रीटमध्ये डॉवेल बार (सांध्यातून दोन स्लॅब जोडणाऱ्या सळ्या) सरळ बसले आहेत का हे त्यातून चांगले दिसते. जाडी काढण्यासाठी मात्र रेडिओ लहरीचा काँक्रीटमधील वेग माहीत असावा लागतो, तो ओलाव्यानुसार बदलतो, आणि म्हणून एका तरी जागी कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेला काँक्रीटचा दंडगोल, काढून तो जुळवून घ्यावाच लागतो. शिवाय पीसीसीवर ओतलेल्या काँक्रीटचा तळ रडारलाही धूसर दिसतो. ही दोन्ही उपकरणे आणि ती वाचू शकणारा माणूस बाहेरून मागवावा लागला, तर २४० मीटरच्या रस्त्याला तो खर्च कितपत परवडेल, याचा विचार संस्थेने करावा. वजन पाडून रस्ता किती दबतो ते मोजणाऱ्या फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटरविषयी तर दोनच वाक्ये पुरेत : ते महामार्गाचे साधन आहे आणि त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ११७ ही स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. कॉलनीच्या रस्त्यासाठी कोणी ते सुचवले, तर नम्रपणे नकार द्यावा.

कारण जाडीसाठी सर्वांत स्वस्त विनाविध्वंसक चाचणी आपल्या संस्थेच्या कपाटात पडलेली असू शकते, ती म्हणजे काँक्रीटची चलने. २४० गुणिले ५.५ गुणिले ०.१५ म्हणजे १९८ घनमीटर. आरएमसीच्या (कारखान्यातून येणाऱ्या तयार काँक्रीटच्या) गाड्या आल्या असतील तर प्रत्येक चलनावर घनमीटर लिहिलेले असतात. त्यांची बेरीज करा. सांडलवंड धरून बेरीज दोनशेच्या पुढे गेली पाहिजे. ती १६५ भरली, तर कोणतीही मशीन न आणता कळते की सरासरी जाडी १२५ मिलिमीटरच्या आसपास आहे. चलने ठेकेदाराकडे असतील तर बिलासोबत त्यांच्या प्रती मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. साइटवर मिक्सर लावला असेल तर सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब मागावा, पण तो तितका खात्रीचा नसतो.

यानंतर कडेला फूटभर माती उकरून टेप लावा, पण त्या मोजमापावर भाळू नका. कडेला १५० मिलिमीटर उंचीचे लोखंडी चॅनेल लावून काँक्रीट ओतलेले असते, त्यामुळे कडेची जाडी जवळजवळ नेहमीच पुरी भरते. खोट असते ती पोटात. खालचा मुरूम नीट दाबून पातळीत घेतला नसेल, तर पट्टीच्या मध्यावर तो उंच राहतो आणि वरून काँक्रीट सपाट करणारा पट्टा मात्र सरळच फिरतो, त्यामुळे मध्ये वीस-तीस मिलिमीटर जाडी हरवते आणि कडेला टेप लावणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून कोअर घ्यायचे तर पट्टीच्या मध्यावरून. जाता जाता एक सांगतो : कोणी सभासद नळजोडणीसाठी रस्ता कापणार असेल, तर त्या दिवशी तिथे टेप घेऊन हजर राहा. कापलेली ती खाच रस्त्याचा आडवा छेद फुकटात दाखवते.

पोकळ आवाजाकडे आता वळतो, कारण पुढच्या पावसाळ्यात रस्ता टिकेल की नाही हे मुख्यतः त्यावर ठरेल. यासाठी पहार किंवा साधा दोन किलोचा हातोडा पुरेसा आहे. प्रत्येक पॅनेलचे चारही कोपरे आणि मध्य ठोकत जा. टेकलेला स्लॅब टणक, बंद आवाज देतो आणि अधांतरी स्लॅब भदभद वाजतो. पोकळ जागा खडूने आखून नकाशावर घ्या. हे काम एकदा पहाटे आणि एकदा दुपारी करा. हिवाळ्यात आपल्याकडे रात्र आणि दुपार यांच्या तापमानात मोठा फरक असतो. पहाटे स्लॅबचा वरचा भाग थंड होऊन आकसतो आणि कोपरे किंचित वर उचलले जातात, दुपारी ते परत खाली बसतात. पहाटे पोकळ आणि दुपारी टणक वाजणारा कोपरा हा तापमानाचा खेळ आहे, त्याची चिंता नको. दोन्ही वेळा पोकळ वाजणाऱ्या कोपऱ्याखाली मात्र खरोखर पोकळी आहे.

अशा जागा नकाशावर कशा पसरल्या आहेत, ते बारकाईने पाहा. त्या ड्रेनेजच्या चेंबरांना जोडणाऱ्या रेषेवर येत असतील, तर पाइपच्या चराचा भराव पावसात बसला आहे. त्या कडेला येत असतील, तर काळ्या मातीचा संशय घ्यावा. आपल्या भागात काळ्या मातीची जाडी प्लॉटगणिक बदलते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून कडेपासून सुटते, आणि तिच्यावर पुरेसा मुरूम न टाकता ओतलेला स्लॅब दरवर्षी हिंदकळत राहतो. त्या त्या सांध्यातून पावसात गढूळ पाणी वर येत होते का, हे शेजारच्या घरातल्यांना विचारा; उत्तर ‘हो’ आले तर खालची माती पाण्याबरोबर बाहेर पडते आहे.

एवढे झाल्यावर कोअर काढा. ‘न फोडता’ ही आपली अट मला समजते, पण १०० मिलिमीटर व्यासाचे मोजके कोअर म्हणजे रस्ता फोडणे नव्हे, आणि त्यांच्यावाचून ताकदीचा निवाडा होत नाही. आतापर्यंतच्या सगळ्या एनडीटीने आपल्याला कोअर कुठे काढायचे ते सांगितले : हॅमरच्या नकाशातील सर्वांत वाईट गटात, मधल्या गटात आणि चांगल्या गटात, प्रत्येकी किमान तीन, पट्टीच्या मध्यावर आणि तड्यांपासून दूर. काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक आयएस ४५६ नुसार कोअरची क्यूबशी तुल्य सरासरी ताकद विनिर्दिष्ट दर्जाच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम ३० साठी हे आकडे २५.५ आणि २२.५ होतात. १५० मिलिमीटरच्या स्लॅबमधून काढलेल्या कोअरची उंची व्यासाच्या दुप्पट भरत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेने उंची-व्यासाच्या गुणोत्तराची दुरुस्ती आणि नंतर सिलिंडरवरून क्यूबकडे नेणारा १.२५ चा गुणक लावून, दोन्ही पायऱ्या अहवालात दाखवायला हव्यात. नुसता अंतिम आकडा स्वीकारू नका. कोअर फोडण्याआधी त्याची लांबी चार ठिकाणी मोजून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. जाडीचा पुरावा तोच. तळाशी खडी उघडी आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी पोकळ दिसत असेल, तर तिथे व्हायब्रेटर पोहोचलेला नाही.

त्याच कोअरमधून हॅमरचा अहवालही तपासून होतो. कोअर काढण्याच्या जागी आधी हॅमर मारून ठेवला असेल, तर उसळी आणि प्रत्यक्ष ताकद यांची जोडी मिळते, आणि तिच्या आधारे उरलेल्या पॅनेलांचे आकडे वाचता येतात. आणि कोअरचे भोक लगेच बुजवू नका. त्यातून डायनॅमिक कोन पेनिट्रोमीटर खाली सोडता येतो. आठ किलोचे वजन ५७५ मिलिमीटरवरून पडते आणि प्रत्येक ठोक्याला शंकू किती खाली गेला ते मोजायचे. चांगल्या दाबलेल्या मुरुमात तो मोजकेच मिलिमीटर सरकतो, काळ्या मातीत भसकन उतरतो. खालचा मुरूम किती जाड आणि किती घट्ट आहे, हे त्या एका भोकातून कळते.

हे सगळे ठेकेदाराला लेखी कळवून, त्याच्या किंवा त्याच्या अभियंत्याच्या उपस्थितीत करा आणि जागा दोघांनी मिळून ठरवा. प्रयोगशाळा तिसरी असावी. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. त्या मान्यतेच्या यादीत नेमकी हीच चाचणी आणि हीच पद्धत आहे का, ते पाहून घ्या. सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत कोअर तपासून मिळण्यासारखे असतात, तिथेही चौकशी करावी.

निकाल काय येईल त्यावर पुढची पावले ठरतील. ताकद आणि जाडी दोन्ही पुरी भरली, तर बिल रोखण्याचे कारण तड्यांपुरते आणि पोकळीपुरते उरते. आडव्या तड्यांना सरळ खाच पाडून सांध्यासारखे सीलंट भरावे, पोकळ कोपऱ्यांखाली ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) दाबून घ्यावे, आणि हा खर्च उशिरा व लांब अंतराने कटिंग मारणाऱ्याने सोसावा, असे म्हणणे रास्त ठरेल. धूळ फक्त वरच्या थराची निघाली, तर घासून सिलिकेटचा हार्डनर लावल्याने ती बरीच आटोक्यात येते. ताकद भरली पण मध्यावर जाडी कमी निघाली, तर रस्ता उखडण्यापेक्षा दर कमी करून घेणे व्यवहार्य. आपल्या कॉलनीत दुचाकी, मोटारी आणि अधूनमधून पाण्याचा टँकर एवढीच वाहतूक असेल, तर १३० मिलिमीटरही बराच काळ चालू शकतो, मात्र जवळच बांधकामे सुरू असतील आणि खडी-वाळूचे हायवा आत येत असतील, तर नाही. ताकद ७५ टक्क्यांच्या खाली गेलेले पॅनेल सलग आढळले, तर तेवढे पॅनेल सांध्यापासून सांध्यापर्यंत कापून नवे घालावेत.

सीलंट आणि ग्राउटचे काम मेच्या आत उरकून घ्या, कारण जूनचे पहिले मोठे पाऊस उघड्या तड्यांतून थेट मुरुमात उतरतात. कोअरची भोके न आकसणाऱ्या ग्राउटने किंवा त्याच दर्जाच्या काँक्रीटने, कडा ओल्या करून, थरांत ठोकून भरा आणि त्यांवर सात दिवस ओले गोणपाट ठेवा.